सिग्नेट म्हणजे काय आणि हा शब्द आला कुठून?

सिग्नेट म्हणजे हंसाचं पिल्लू, इंग्रजीत साधारण पहिल्या वर्षभरातल्या पिल्लाला असं म्हणतात. शब्द मूळचा इंग्रजी नाहीच. ग्रीकमध्ये हंसाला किक्नोस, त्याचं लॅटिनमध्ये सिग्नस झालं (आकाशातल्या हंस तारकासमूहाचं नाव पण हेच, डेनेब तारा त्यातलाच), मग जुन्या फ्रेंचमधून तो इंग्लंडमध्ये पोचला आणि शेवटचं 'एट' लहानपणा दाखवायला लागलं, म्हणजे आपण घराचं घरटं करतो ना तसंच. अंगठीवरच्या शिक्क्याला पण सिग्नेट म्हणतात पण त्याचं स्पेलिंगही वेगळं न मूळही, तो चिन्ह या अर्थाच्या लॅटिन सिग्नम वरून आलाय, त्यामुळे दोन्ही एक समजू नका.

युरोपातल्या म्यूट स्वान या जातीच्या हंसाची पिल्लं बघाल तर बहुतेक मळकट करडी असतात, चोचही काळपट, नारिंगी रंग नंतर येतो. पहिले काही आठवडे थकली की सरळ आईबापाच्या पाठीवर चढून पंखांत शिरून बसतात, फारच गोड दिसतं ते! उडायला मात्र चार-पाच महिने लागतात. लंडनजवळ थेम्स नदीत दर जुलैमध्ये होड्यांतून हंसांची मोजणी होते, तेव्हा या पिल्लांचं वजनमाप करून, काही दुखापत आहे का तपासून परत पाण्यात सोडतात.