फॉर्मवरचा आकडा उतरला, पण टीचरचं वेगळंच

प्रश्न: ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. राग आला की हातात येईल ते फेकतो, सकाळी शाळेला निघताना रोज रडारड. काही महिने कौन्सेलरकडे नेतोय. तिथे 25 प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात, माझ्या फॉर्मवर आधी 19 आले, आता 15. पण टीचरच्या फॉर्मवर तेव्हाही 19 नि आताही 19. खरं कोणाचं मानू?
– एक आई, डिचोली

उत्तर: दोघींचंही खरं असू शकतं हो. हा फॉर्म बहुतेक एसडीक्यू असणार, म्हणजे मुलांच्या अडचणी नि चांगल्या बाजू मोजणारी प्रश्नावली, रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश डॉक्टरांनी 1997 मध्ये मांडलेला. त्यातली 20 वाक्यं अडचणींची, त्यांची बेरीज 40 पर्यंत जाते आणि ती जितकी कमी तितकं बरं. उरलेली 5 दुसऱ्याला मदत करणं, वाटून खाणं असल्या गोष्टींची, ती या बेरजेत धरतच नाहीत, म्हणून तीही मुद्दाम विचारून घ्या, तुमच्या मुलाचं चांगलं तिथे दिसेल.

तुम्ही त्याला घरात बघता, टीचर भरलेल्या वर्गात. घरी फरक नि शाळेत नाही, म्हणजे पुढचं काम शाळेत आहे, कौन्सेलर मॅडमना सांगा टीचरशी बोलायला. आणि नुसती बेरीज घेऊन घरी येऊ नका, नेमकी कुठली वाक्यं उतरली ते बघा, कारण राग कमी झालाय की चंचलपणा, हे 15 आकडा सांगत नाही. आपण मुलाला नेतो तेच अगदी हाताबाहेर गेल्यावर, त्यामुळे पहिला आकडा चढलेला असतो आणि थोडा आपसूकही उतरतो, तेव्हा एका उतारावर भिस्त नको, पुढचे एकदोन फॉर्म बघा. गणेश चवथीच्या गडबडीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तर भरूच नका.

मला विचाराल तर याच्या जोडीला तुमचे स्वतःचे तीन त्रास लिहा, त्यातला एक मुलाने सांगितलेला हवाच, आणि दर रविवारी 0 ते 10 मध्ये आकडा द्या. उदाहरणार्थ सकाळचे बूट: एक बूट पायात, दुसरा अंगणात फेकलेला, बस दारात, असं या आठवड्यात किती वेळा झालं? ती वही मॅडमपुढे ठेवा. दोनतीन महिन्यांत वही हललीच नाही तर उपचार बदलायला हक्काने सांगा, दुसरं मत हवं तर बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार इस्पितळ आहे.

नि तो कधी स्वतःला इजा करायचं बोलला तर पुढच्या फॉर्मची वाट बघू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो.