ओळखीचं वाटतं, पण लिहिता येत नाही

पत्राचा सारांश: वय २३, शेतकरी कुटुंब. अमळनेरच्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी. 'ताई, दोन पानं वाचली की हात फोनकडे जातो. अभ्यासाच्याच रील्स बघतो, सगळं येतंय असं वाटतं. पण कोऱ्या कागदावर चार ओळी उतरत नाहीत. मित्राचे पोलीस भरतीचे फोटो पाहिले की पुस्तकच मिटतो. डोकं कायमचं बिघडलं का? फोन विकून टाकू?'

भाऊ, विकू नकोस. ओटीपी, हॉलतिकीट, कापसाचा भाव, सगळं त्यावरच येतं. आठ दिवसांत दुसऱ्याचा मागत फिरशील. डोकंही बिघडलेलं नाही.

नाचगाण्याच्या रील्स वेळ खातात, हे तुला कळतं. तुझी फसगत केली ती अभ्यासाच्या रील्सनी. अर्ध्या मिनिटात एक कलम, तेही कुणीतरी आधीच चघळून दिलेलं. ऐकताना ओळखीचं वाटतं आणि आपण 'झालं' म्हणतो. चार पर्यायांत खूण करायची होती तोवर ओळखीवर बरंच निभायचं. २०२५पासून राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झाली, एकट्या निबंधाला २५० गुण. तिथे मुद्दा स्वतःच आठवायचा, जोडायचा, मांडायचा.

तेव्हा रोज एक विषय घे. उदाहरणार्थ, यावल-रावेरची केळी आणि खाली चाललेलं भूजल. आधी वाच, मग पुस्तक मिटून पानभर लिही. अडलं तर वडिलांना विचार, आपल्या शिवारात बोअरला पूर्वी किती फुटांवर पाणी लागायचं आणि आता किती. असा मुद्दा रीलमध्ये सापडत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं जीव नुसता तळमळेल. तळमळू दे, उठायचं नाही.

तेवढा वेळ फोन अभ्यासिकेच्या काउंटरवर ठेव. (गाडीच्या डिक्कीत नको, आपल्याकडच्या मे महिन्यात भाजून निघेल.) टेक्सास विद्यापीठातल्या २०१७च्या प्रयोगांत फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी, तो टेबलावर मुका पालथा ठेवणाऱ्यांपेक्षा चाचण्या चांगल्या सोडवल्या. पुढे इतरांना दरवेळी तेवढा फरक दिसला नाही, पण करून बघायला पैसे पडत नाहीत. आणि 'बारा तास बसलो' सांगणाऱ्यांशी बरोबरी करू नकोस. त्यातले किती तास फोनवर गेले, ते कोणी सांगत नाही.

राहिला तो मित्र. खरं सांगू? तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. भीती वाटली की तू फोन उघडतोस आणि त्यात पुन्हा तेच फोटो. त्याच्या फोटोखाली नुसता बदाम टाकू नकोस. चहाला बोलाव, आणि कितव्या भरतीत त्याचं काम झालं ते विचार.