म्हशीची एक मात्रा जास्त
तुझी म्हशीवरची कविता आवडली, पण दुसऱ्या ओळीत अडखळते. ‘म्हैस उतरली कृष्णेकाठी’ हे पादाकुलक वृत्त, आठ-आठ मिळून 16 मात्रा (लघू म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक, गुरू म्हणजे दीर्घाच्या दोन). ‘कृ’ ऱ्हस्व असला तरी पुढच्या ‘ष्णे’ या जोडाक्षराचा आघात येऊन गुरू होतो, हे पक्कं कर. ‘बगळा घेऊन बसली पाठी’ मात्र 17 भरते. ‘घेउन’ लिही, पद्यात एवढी सूट चालते. आधी टाळी देत म्हण, मग मोज. नुसत्या बोटांवर विसंबलास तर सांगलीच्या आयर्विन पुलाखालच्या म्हशीसुद्धा हसतील!

यमक शुद्ध आहे, पण ‘पाठी’ कुणालाही आधीच सुचतं. ‘बगळ्याच्या ये भाळी आठी’ करून बघ. बगळा रुसतो आणि हसू शेवटच्या शब्दापर्यंत दबून राहतं. त्यात ‘ग’ लघूच धर, ‘ळ्या’चा आघात पडत नाही.