वेबसाईट डिझायनरच्या ताब्यात आणि लेखकाची नोटीस

प्रश्न : मी स्वतंत्रपणे मुद्रितशोधन आणि संपादनाची कामे करते. ओळखीच्या एका वेब डिझायनरकडून मी व्यवसायाची वेबसाईट करून घेतली. डोमेनची, म्हणजे साईटच्या इंटरनेटवरील नावाची, नोंदणीही त्यांनीच केली. ठरलेले पैसे मी दिले, पण लेखी करार केला नाही. आता देखभालीच्या वाढीव शुल्कावरून वाद झाल्यामुळे ते पासवर्ड देत नाहीत आणि साईट आपलीच असल्याचे सांगतात. त्यातच एका लेखकांची नोटीस आली आहे. त्यांच्या अप्रकाशित कादंबरीचे एक पान ‘संपादनापूर्वी’ आणि ‘संपादनानंतर’ अशा दोन रकान्यांत, त्यांचे नाव न देता, मी नमुना म्हणून साईटवर ठेवले होते. ते पान काढायला मी तयार आहे, पण साईट माझ्या हातात नाही. मी काय करावे?

उत्तर : आपण डोमेनच्या वादाबद्दल आधी लिहिले असले, तरी अधिक निकडीची बाब लेखकांच्या नोटिशीची आहे, आणि त्या बाबतीत आपली बाजू कमकुवत आहे हे स्पष्ट सांगणे भाग आहे. साहित्यकृतीवरील कॉपीराइट ती लिहिली जाताच लेखकाकडे येतो आणि त्यासाठी कोणतीही नोंदणी लागत नाही, हे १८८६ मध्ये झालेल्या व पुढे वेळोवेळी सुधारलेल्या बर्न करार या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराचे मूलभूत तत्त्व असून आज १८० हून अधिक देश त्याचे सदस्य आहेत. दुसऱ्याच्या कृतीतील अंश उद्धृत करण्याची मुभा याच कराराच्या कलम १० मध्ये आहे. मात्र ती आधीच रीतसर लोकांसमोर आलेल्या कृतीपुरती आहे. अप्रकाशित कादंबरीचे पान तिच्यात बसत नाही. नाव झाकल्यानेही फरक पडत नाही, कारण ते हस्तलिखित आपल्याकडे केवळ तपासण्यासाठी, विश्वासाने आले होते आणि त्याचा जाहिरातीसाठी वापर करण्याची परवानगी त्यात गृहीत धरता येत नाही.

‘संपादनानंतर’च्या रकान्यातील मजकुरावर तरी आपला हक्क आहे, असे अनेक संपादकांना प्रामाणिकपणे वाटते. लांबलेले वाक्य दोन ठिकाणी तोडणे, काळाची विसंगती काढणे, संवादातील अवतरणचिन्हे जागेवर आणणे हे कसबाचे काम आहे आणि त्याची मला मनापासून कदर आहे. पण त्या दुरुस्त्यांखाली लेखन मूळ लेखकाचेच राहते, आणि ते वगळून नुसत्या दुरुस्त्या दाखवता येत नाहीत.

म्हणून लेखकांना आजच लेखी उत्तर पाठवा. पान काढण्यास आपण तयार आहात, साईटचा तांत्रिक ताबा सध्या दुसऱ्या व्यक्तीकडे आहे आणि त्या व्यक्तीला पान काढण्याची सूचना दिली आहे, एवढे त्यात असावे. हक्कभंग झाला की नाही याची चर्चा त्यात करू नये. दिलगिरी अवश्य व्यक्त करावी. डिझायनरना त्याच दिवशी ईमेलने, पानाचा नेमका पत्ता देऊन, ते पान काढण्यास सांगा आणि त्याची प्रत लेखकांना पाठवा. या ईमेलचा दुहेरी उपयोग आहे : आपली तयारी नोंदली जाते, आणि साईट स्वतःची असल्याचा दावा करणाऱ्या डिझायनरना, तीवरील आक्षेपार्ह मजकुराची माहिती मिळाल्यानंतर, त्याची जबाबदारी सहजासहजी झटकता येत नाही. तरीही त्यांनी दाद दिली नाही, तर लेखक थेट होस्टिंग कंपनीकडे, म्हणजे जिच्या सर्व्हरवर साईट ठेवलेली आहे त्या कंपनीकडे, तक्रार करू शकतात, हेही लेखकांना कळवण्यात आपले नुकसान नाही.

आता डोमेनकडे वळू. डोमेन, होस्टिंग आणि साईटवरील मजकूर व कोड या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच पासवर्डमागे असल्या तरी त्यांवरील हक्क एकच नाहीत. प्रथम ‘आयकॅन’ या डोमेन व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शोधसुविधेत डोमेनचा रजिस्ट्रार (नोंदणी करणारी कंपनी), मुदत संपण्याची तारीख आणि, नाव दडवलेले नसेल तर, धारक (ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो) पाहा. धारक म्हणून आपलेच नाव असेल, तर रजिस्ट्रारकडे ओळखीचा पुरावा देऊन खात्याचा ताबा मागता येतो; डॉट कॉमसारख्या डोमेनच्या बाबतीत धारकाने मागितल्यावर हस्तांतराचा कोड (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यासाठी लागणारा संकेत) पाच दिवसांत देणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे.

धारक डिझायनर असतील, तर मार्ग कठीण होतो. अशा वेळी ‘आयकॅन’च्या १९९९च्या डोमेन तंटा निवारण धोरणाखाली तक्रार करावी असे अनेकदा सुचवले जाते, परंतु आपल्या बाबतीत मी तो आग्रह धरणार नाही. तिथे नावावर ट्रेडमार्कसारखा हक्क असल्याचे, समोरच्याचा त्या नावात कोणताही न्याय्य हितसंबंध नसल्याचे, आणि डोमेनची नोंदणी व वापर दोन्ही दुष्ट हेतूने झाल्याचे सिद्ध करावे लागते. आपल्या संमतीनेच झालेली नोंदणी दुष्ट हेतूची ठरवणे अवघड आहे, आणि मुळात शुल्काच्या कराराचा असलेला वाद तिथले निवाडेकार बहुधा दिवाणी न्यायालयासाठी सोडून देतात. आपला खरा आधार वेगळा आहे. डिझायनरनी आपल्यासाठी, आपल्या पैशांतून नोंदणी केली असेल, तर ती त्यांनी आपले प्रतिनिधी म्हणून केली असा दावा करता येतो. ज्या बिलात ‘डोमेन नोंदणी’ अशी स्वतंत्र ओळ आहे ते बिल, नाव ठरवताना झालेले संदेश आणि पैसे दिल्याची नोंद यांवर तो उभा राहील; हे कागद आजच एकत्र करा. दाव्याबरोबर, निकाल लागेपर्यंत डोमेन इतरांना देऊ नये व मुदतबाह्य होऊ देऊ नये, असा अंतरिम मनाई हुकूमही मागावा.

साईटच्या रचनेवर आणि स्वतः लिहिलेल्या कोडवर, लेखी हस्तांतर नसल्यामुळे, डिझायनरचा हक्क असू शकतो. पैसे दिल्याने आपल्याला प्रामुख्याने वापराची परवानगी मिळते. साईट वर्डप्रेसवर असेल, तर तो मूळ प्रोग्रॅम खुल्या परवान्याखालचा असून तो कोणाचीच खासगी मालमत्ता नाही. सेवांचे वर्णन, परिचय आणि आपण लिहिलेले लेख मात्र आपलेच आहेत. त्यांच्या प्रती आताच उतरवून ठेवा.

एका गोष्टीचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, पण मला तिची अधिक काळजी वाटते. संपर्काच्या फॉर्ममधून लेखकांनी हस्तलिखिते पाठवली असतील, तर त्या फाइली आज डिझायनरच्या ताब्यातील सर्व्हरवर पडून आहेत. त्या आपल्याला सोपवून तिथून पुसाव्यात, अशी स्वतंत्र लेखी मागणी करा आणि संबंधित लेखकांना वस्तुस्थिती कळवा. युरोपीय संघातील ग्राहकांना आपण सेवा देत असाल, तर २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या तेथील डेटा संरक्षण नियमांमुळे हे कळवणे कायदेशीर बंधनही ठरू शकते. कोणाच्या सल्ल्याने पासवर्ड तोडून आत शिरण्याचा प्रयत्न मात्र मुळीच करू नका. साईट आपली असल्याची खात्री असली, तरी बहुतेक देशांत तो गुन्हा ठरू शकतो.

जुन्या दराने देणे बाकी असेल तर ते चुकते करून पावती घ्या. वाद फक्त वाढीव रकमेपुरता राहिला पाहिजे. दरम्यान नव्या डोमेनवर साईट सुरू करायची झाल्यास रजिस्ट्रारकडील खाते स्वतःच्या नावाने व ईमेलने उघडा आणि रचना व कोडवरील सर्व हक्क पूर्ण मोबदला मिळताच आपल्याकडे येतील, असे नव्या डिझायनरकडून सहीनिशी लिहून घ्या. नमुन्यासाठी एखादा सदोष परिच्छेद स्वतः लिहून तोच संपादित करून दाखवा. त्यासाठी कोणाची परवानगी लागणार नाही. लेखकांच्या नोटिशीत मुदत दिलेली असेल, तर उत्तर तिच्या आत पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा आणि नुकसानभरपाईची मागणी असल्यास उत्तराचा तो भाग स्थानिक वकिलांना दाखवूनच पाठवा.