डॉकर डाऊन केलं आणि पट्ट्या गायब!

प्रश्न : सर नमस्कार. सांगली मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. भाच्यानं बिलिंग आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) दोन्ही डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकून दिलेलं. काल मी कंपोज फाइलमध्ये (डॉकरच्या सेटिंगची फाइल) पोर्ट बदलला, डाऊन करून परत अप केलं तर शेतकऱ्यांच्या सगळ्या पट्ट्या (मालविक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) गायब. फाइलमध्ये व्हॉल्यूम (डेटा साठवायची वेगळी जागा) असं काही लिहिलेलंच नाही. सीझनचा डेटा गेला का ओ?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बहुतेक गेला नाही, फक्त आता घाईत काही पुसू नका. डाऊन केलं की कंटेनर (प्रोग्रॅम चालतो तो डबा) उडतो, पण पोस्टग्रेसची अधिकृत इमेज (कंटेनरचा तयार साचा) स्वतःच एक बिननावाचा व्हॉल्यूम करून डेटा त्यात ठेवते आणि साधं डाऊन तो पुसत नाही. झालं असं की परत अप केल्यावर नवा रिकामा व्हॉल्यूम जोडला गेला आणि जुना तसाच डिस्कवर पडून राहिला. म्हणून व्हॉल्यूम प्रून ही कमांड अजिबात मारायची नाही, ती नेमकी असलेच बेवारस व्हॉल्यूम साफ करते. डाऊनला मायनस व्ही (-v) लावलं असेल तर मात्र अवघड आहे, त्यानं व्हॉल्यूमही पुसले जातात.

आता सगळं स्टॉप करा आणि डॉकर व्हॉल्यूम एलएस मारा, ६४ अक्षरांची अगम्य नावं दिसतील, एकेकाला इन्स्पेक्ट करून तयार झाल्याची तारीख बघा, कालच्या आधीचा आणि साइझनं मोठा तो तुमचा. त्यात पीजी अंडरस्कोर व्हर्जन नावाची फाइल असते, तिच्यात पोस्टग्रेसचं व्हर्जन लिहिलेलं असतं, १६ असेल तर १६ चाच तात्पुरता कंटेनर त्या व्हॉल्यूमवर उठवा, पीजी-डंप (डेटाबेसची पूर्ण नक्कल) काढा, मग कंपोजमध्ये नाव देऊन व्हॉल्यूम लिहा आणि डंप त्यात रिस्टोअर करा. जुना व्हॉल्यूम महिनाभर तरी ठेवाच, डिस्क काय महाग नाही.

आणि व्हॉल्यूम म्हणजे बॅकअप नव्हे बरं का. रोज रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी सोय) डंप काढून दुकानाबाहेर पाठवा, २०१९ चा पूर सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. डेटाबेस चालू असताना व्हॉल्यूमचा फोल्डर नुसता कॉपी करू नका, अर्धवट लिहिलेल्या फाइली येतात.

इमेजला लेटेस्ट टॅग (म्हणजे सर्वात नवं व्हर्जन घे) असेल तर तो पण काढून व्हर्जनचा आकडा टाका. पोस्टग्रेस १७ चा डेटा १८ उचलत नाही, शिवाय १८ च्या इमेजपासून व्हॉल्यूम जोडायची जागा पण बदललीय, डेटा फोल्डरवर नाही, त्याच्या वरच्या फोल्डरवर जोडायचा. भाच्याला एवढं दाखवा, त्याला कळेल.