बाबांची पिशवी बाबांच्याच हातात राहू द्या

कॅनडातल्या मिसिसागाहून एका वाचकाचं मोठं पत्र आलंय. त्यात चार काळज्या आहेत. त्यातल्या तीन काळज्यांचं उत्तर शेवटी दोन-दोन ओळींत देते. पहिलीवर मात्र मनापासून बोलायचंय, कारण ती आपल्या सगळ्यांच्या घरात आहे.

ते लिहितात, "बाबा 74 वर्षांचे आहेत, मिरजेला रेल्वेत होते. आईबाबा सांगलीत विश्रामबागला राहतात. आम्ही भावंडांनी त्यांचं सगळं घरपोच करून दिलंय. भाजी, किराणा, औषधं ॲपवरून येतात. लाइटबिल, घरपट्टी, फोन आम्ही इथून भरतो. तरी बाबा सकाळी पिशवी घेऊन वडापच्या शेअर गाडीने गावात जातात, घामाघूम होऊन येतात, बँकेत चिडतात, सुट्ट्या पैशांवरून वाद घालतात आणि घरी आलेली भाजी नाकारतात. सगळं दारात मिळत असताना ही वणवण कशासाठी? आम्ही कुठे कमी पडतोय?"

तुम्ही कमी पडत नाही आहात. तुम्ही जरा जास्तच केलंय. रागावू नका, लेकराच्या मायेनंच केलंय हे मला कळतं. इतक्या लांब राहून हाताशी फोनच असतो, मग त्या फोनवरून जे जे करता येईल ते आपण करत सुटतो. पण ज्या माणसानं मिरज जंक्शनवर आयुष्यभर गाड्यांच्या वेळा सांभाळल्या, त्याच्या दिवसातली सगळी कामं काढून घेतलीत तर त्यानं सकाळी उठून करायचं काय? तुम्ही वणवण म्हणता, ते त्यांचं रोजचं वेळापत्रक आहे.

साताऱ्याला माझ्या आईचं असंच झालं. बाबा गेल्यावर दुबईच्या भावानं तिच्या काळजीनं सगळं बसवून दिलं. दूध दारात, भाजी दारात, बिलं आपोआप. आईनं कौतुकानं शेजारपाजारी सांगितलंसुद्धा. हळूहळू तिचं मोती चौकात जाणं बंद झालं, मग राजवाड्याकडे जाणं, मग जिना उतरणंच. फोनवर बोलायला तिच्याकडे काही उरेना. "काय चाललंय?" विचारलं की "काय चालायचंय" म्हणायची. पूर्वी हीच बाई अर्धा तास सांगायची: कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कांदा किती चढला, पोवई नाक्याला रस्ता कुठे खणलाय. मी लेस्टरहून गेले तेव्हा तिचे गुडघे धरले होते आणि बाहेरच्या चपलेवर धूळ बसली होती. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी काय सांगितलं असेल? रोज चाला. दुधाची पिशवी आम्ही बंद केली. ती पुन्हा गवळ्याकडे जायला लागली, कुरकुरत का होईना, आणि फोनवर पुन्हा कांद्याचा भाव ऐकू यायला लागला.

आता पत्रातलं वांग्यांचं प्रकरण. "श्रावणात ॲपवरून वांगी आली म्हणून बाबांनी आकाशपाताळ एक केलं. एवढ्याशा गोष्टीवरून!" असं तुम्ही लिहिलंय. अहो, एवढीशी नाही ती. तुम्ही दर आठवड्याची भाजी ठरवून टाकलीत आणि विसरलात की तुमच्या घरात चातुर्मासात वांगं शिजत नाही. आमच्याकडेही नाही. कांदेनवमीला कांदा-वांग्यावर ताव मारायचा आणि मग थेट चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगं घरात आणायचं. आमचा खंडोबा पालीचा, तुमचा कुठला ते बाबांना विचारा. श्रावणात दारात वांगी बघून त्यांना वाटलं असेल की या घराचे रीतिरिवाज आता मुलांनाही ठाऊक नाहीत. ते भाजीवर रागावले नव्हते.

आणि वांग्याच्या बाबतीत सांगलीच्या माणसाला शिकवायला जाऊच नये. कृष्णाकाठची वांगी ज्यानं खाल्लीत त्याला बाकीची कशी चालणार? वाईपासून माहुली, कऱ्हाड, सांगलीपर्यंत नदी एकच, पण सांगलीकर आपल्या मळीच्या वांग्यांसाठी हट्ट धरतात आणि मी साताऱ्याची असून सांगते, त्यांचा हट्ट खरा आहे. पुरानं आणलेल्या गाळात, नदीकाठच्या त्या मऊ रानात येणारं वांगं पातळ सालीचं, कमी बियांचं आणि लोण्यासारखं शिजणारं. ते ओळखायचं कसं हे ॲपला कळत नाही, बाबांना कळतं. देठ हिरवागार आणि काटेरी हवा, साल चमकदार हवी, आणि हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं वांगं हलकं लागायला हवं. जड लागलं तर बियांनी भरलेलं असण्याचीच शक्यता जास्त. त्यासाठी एकेक वांगं हातात घ्यावं लागतं, भाजीवालीला चार प्रश्न विचारावे लागतात, "कालची आहेत का गं?" म्हणून डोळ्यात बघावं लागतं. तुमच्या आईला भरायला एकसारखी, लहान, गोल वांगी लागतात. तेवढ्या सहा-आठ वांग्यांसाठी बाबा तीन पाट्या पालथ्या घालत असतील. घालू द्या. घरी आल्यावर ती वांगी ओट्यावर मांडून "बघ" म्हणण्याचा मान त्यांचा आहे.

तुम्ही आईच्या भरल्या वांग्यांची आठवण काढलीत आणि लिहिलंत, "इथे कितीही केलं तरी तशी होत नाहीत." मसाला तर तोच आहे. दाण्याचं कूट, भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसूण चटणी, सांगलीची हळद, चिंच-गूळ, मीठ. वांग्याला देठाकडून चार चिरा द्यायच्या पण देठ तोडायचा नाही, आणि चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात टाकायची म्हणजे काळी पडत नाहीत. मसाला दाबून भरायचा. तेल सढळ, आच मंद, आणि वर ताटात पाणी ठेवून वाफेवर शिजवायचं. उरलेला मसाला शेवटी ताटातल्या त्याच गरम पाण्यात कालवून घालायचा, म्हणजे भाकरीला रस होतो. तुमच्याकडे मिळणारी लांब जांभळी वांगी यासाठी घेऊच नका, त्यांत मसाला राहत नाही. भारतीय दुकानात छोटी गोल मिळतात, ती हातात घेऊन निवडा. निवडायचं कसं ते बाबांना व्हिडिओ कॉल लावून दुकानातूनच विचारा. त्यांना वेळ आहे, आणि या विषयात तुम्हाला त्यांची खरंच गरज आहे.

हयातीच्या दाखल्याबद्दलही तुमची तक्रार आहे. "नोव्हेंबरात दोन तास बँकेत उभे राहिले. फोनवर चेहरा दाखवून होतं हे सांगूनही ऐकत नाहीत. म्हणतात, मी जिवंत आहे हे मी स्वतः जाऊन सांगेन." सोयी आहेत हे खरं. जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन देण्याची सोय, 10 नोव्हेंबर 2014 पासून आहे, 2021 पासून चेहऱ्यावरूनही दाखला देता येतो, आणि पोस्टमन घरी येऊन 70 रुपयांत तो काढून देतो. बाबांना 80 पूर्ण झाली की केंद्राचे पेन्शनर म्हणून 1 ऑक्टोबरपासूनच देता येईल. शिवाय सत्तरीपुढच्या खातेदारांना बँकेनं घरी येऊन सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्येच सांगितलंय. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या कपाटाला चिकटवा. ताप असेल, पाय मुरगळला असेल, त्या वर्षी उपयोगी पडेल. पण धडधाकट असताना त्यांना बँकेत जायचं असेल तर जाऊ द्या. माझे साताऱ्याचे चुलत सासरे दर नोव्हेंबरात इस्त्रीचा शर्ट घालून जात. तिथे त्यांच्या खात्यातले सगळे भेटायचे, कोणाचं ऑपरेशन झालं ते कळायचं, आणि कोण या वर्षी आलं नाही तेही तिथेच कळायचं. रांगेत दोन तास गेले म्हणून तुम्ही हळहळता, पण त्यातला बराच वेळ गप्पांत गेलेला असतो.

मग मुलांनी करायचं तरी काय? भरपूर आहे, फक्त वेगळं आहे. तुम्हीच लिहिलंय की गॅसचा कोड तुमच्या नंबरवर येतो. म्हणजे सांगलीत सकाळी दहा वाजता सिलिंडरवाला दारात उभा, आणि कोड आलाय मिसिसागात मध्यरात्री, झोपलेल्या माणसाच्या उशाशी! आईबाबांची चिडचिड होणार नाही तर काय? ही खरी कटकट, आणि ती तुम्ही निर्माण केलीत. गॅस, बँक, लाइटबिल, आधार, सगळीकडे बाबांचा स्वतःचा नंबर लावा. आधारचं काम केंद्रावर जाऊन करावं लागत असेल तर पुढच्या भेटीत त्यांच्याबरोबर जा, आणि जाताना पुढे त्यांना चालू द्या.

जड सामान, म्हणजे तेलाचा डबा, गहू-तांदूळ, घरपोच मागवा. त्याला बाबांचीही ना नसेल. एप्रिल-मेमध्ये दहाच्या आत घरी यायचं, एवढं एकच वचन त्यांच्याकडून घ्या. खिशात आईचा नंबर आणि रक्तगट लिहिलेलं कार्ड ठेवायला सांगा. 75 झाली की एसटीत तिकीट लागत नाही, 2022 पासून, तेव्हा पुढच्या वर्षी ते औदुंबरला जाऊन येतो म्हणतील तेव्हा "एकटे कशाला?" म्हणू नका, "कोणाला बरोबर नेताय?" विचारा. एक काम मात्र मी हात जोडून थांबवायला सांगेन. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी बघायला जाणं. सांगलीतल्या प्रत्येक घरातला कर्ता माणूस जातो हे माहीत आहे. पण 2005, 2019 आणि 2021 चे पूर बघितलेल्या गावानं 40 फुटांची इशारा पातळी आली की घरी बसावं. 45 ला धोका सुरू होतो. पाणी किती चढलं ते त्या दिवसांत तुम्ही बघून त्यांना फोन करा. त्या वेळी तुमचा फोन खरंच कामाचा.

आणि रोजच्या फोनवर "गोळी घेतली का?" हा पहिला प्रश्न नको. "आज काय आणलंत? कितीला मिळालं?" हे विचारा. त्यांनी बँकेतल्या मशीननं पासबुक कसं नीट छापलं नाही ते सांगितलं तर लगेच "ऑनलाइन दिसतं ना बाबा" म्हणू नका. त्यांना उपाय नकोय. ऐकून घ्या, "काय हो हे!" म्हणा. आईनं आम्हाला हे सरळ सांगितलं होतं: "मी तक्रार करते तेव्हा मला मदत नको असते, सोबत हवी असते."

आता उरलेलं. गेटसमोर शेजारी गाडी लावतात त्याबद्दल तुम्ही तिथून वकिलाची भाषा करू नका, आई त्यांच्या घरी हळदीकुंकवाला जाते, ती बघून घेईल. नातवंडं आजीआजोबांशी मराठी बोलत नाहीत यावर यापूर्वी सविस्तर लिहिलंय. तूर्त एवढंच की मुलांशी तुम्ही स्वतः घरात मराठी बोलता का ते आधी बघा.

चौथी काळजी, "बाबा इकडे यायलाच तयार नाहीत, आले तर दहा दिवसांत परत जायचं म्हणतात." आईवडिलांसाठीच्या कॅनडाच्या सुपर व्हिसावर 2022 पासून सलग पाच वर्षं राहता येतं, विमा तेवढा नीट काढावा लागतो, हे तुम्हाला माहीत असेलच. पण मागच्या खेपेला तुम्ही त्यांना जानेवारीत बोलावलंत, बाहेर बर्फ आणि तुम्ही दोघं कामावर. या वेळी जूनमध्ये बोलवा. घरापासून पायी जाता येईल असं भाजीचं दुकान आणि बसचा थांबा आधी शोधून ठेवा, बसच्या भाड्याचं प्रेस्टो कार्ड भरून त्यांच्या हातात द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सांगा की घरात कोथिंबीर संपली आहे.