द रूट्स या अमेरिकन हिपहॉप बँडचा १९९५चा 'डू यू वॉन्ट मोअर' हा अल्बम सगळे नावाजतात, मला मात्र सगळी गाणी एकसारखी वाटतात. खऱ्या वाद्यांवरचा हिपहॉप ऐकायचा कसा?

पहिल्यांदा शब्द सोडा आणि फक्त ड्रम आणि बास ऐका, दोन-तीन गाण्यांतच फरक कळायला लागेल. मी नागपुरात ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो, त्यामुळे माझा कान आधी तिकडेच जातो. एकसारखं वाटतं ते काही तुमच्या कानाचा दोष नाही. बँडचा ड्रमर क्वेस्टलव्ह मुद्दाम लूपसारखा, म्हणजे तोच तुकडा पुन्हापुन्हा फिरावा तसा वाजवतो: स्नेअर ड्रम कोरडा, रोल जवळपास नाहीतच. पण सॅम्पल केलेला, म्हणजे जुन्या रेकॉर्डवरून उचललेला तुकडा दर वेळी हुबेहूब तोच येतो. इथे हात माणसाचा आहे. हाय-हॅटचा, म्हणजे ड्रमच्या जोडझांजेचा एक ठोका दबका, पुढचा जरा उघडा, आणि लेनर्ड हबर्डचा बास मधेच एखादा सूर गाळून रॅपरला मोकळं सोडतो. नागपूरच्या इंदोऱ्यात भीमगीतांचा कार्यक्रम ऐकला असेल तर आठवा, गायक श्वास घेतो तेवढ्यात ढोलकीवाला ती जागा भरतो. तसंच हे.

सुरुवात 'एस्सेवुमन' या गाण्यापासून करा. बँडचा रॅपर ब्लॅक थॉट तोंडाने तुकडा टाकतो, वाद्यं उत्तर देतात. चक्क सवाल-जवाब!

एक मात्र आहे, खरी वाद्यं म्हणजे आपोआप भारी असं नाही. सॅम्पलिंग हीसुद्धा कलाच आहे, आणि हा बँड तिचीच चाल हाताने वाजवतोय. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका भाऊ, बास येतच नाही.